कुडपणला शिमल्याचा भाव

"आता जे सांगणार हाय ते या वीर स्टेशनात एकालाही खरं वाटणार नाय. वाटलं तर माझा चहा बंद करा," मी म्हणालो.

"तुमचा चहा मीच पाजतो, नाना. बंद झाला तर माझेच वाचतील," राजेश म्हणाला.

त्याची रिक्षा बाहेर उन्हात उभी होती आणि तो आत फलाटावर, माझ्या बाकावर. गाडी दीड तास लेट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. छपराचा पत्रा असा तापला होता की वर बसलेला कावळा सारखा पाय बदलत होता. बाकाच्या त्या टोकाला सेजल होती, आमच्या कुडपणच्या प्रयागबाईची नात. महाडला नर्सिंग शिकते. लहानपणापासून माझ्या गोष्टी ऐकत आलेली आहे, म्हणून आता ऐकत नाही. मोबाइलात डोकं घालून बसते. मधे हर्षद नावाचे एक गृहस्थ होते, औद्योगिक वसाहतीत नव्यानं बदलून आलेले, गावाला निघालेले. माणूस नवा होता, म्हणजे मला सोयीचा.

"कुणाला उतरवून घ्यायला आलात?" हर्षदनी विचारलं.

"पाव्हणे हायत," मी म्हणालो, आणि सहदेवची गोष्ट सुरू केली.

सहदेव बिरवाडीला दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचा आणि औषधांच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. सव्वीस वर्षं. भट्टीचं तोंड उघडायचं, आत बघायचं, कोळसा सारायचा, काट्यावर नजर ठेवायची. सव्वीस वर्षांत तो माणूस आतून इतका तापला होता की त्याला चावायला आलेला डास भाजून खाली पडायचा. जेवायला बसला की डब्यातली सकाळची भाकरी पुन्हा फुगायची. त्याची बायको शकू पोह्याचे पापड लाटायची आणि ढगाळ दिवस असला की नवऱ्याला अंगणात पालथा झोपवून त्याच्या पाठीवर वाळत घालायची.

"किती पापड मावायचे?" राजेशनं विचारलं.

"तेवीस. श्वास धरून ठेवला तर चोवीस."

एवढं सोडलं तर माणूस अगदी साधा. उंची मध्यम, बोलणं कमी. दारू नाही, पत्ते नाहीत. गावचं घर भावांच्या वाटणीत गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. एक मुलगी, दिशा, लग्न होऊन पनवेलला. कंपनीत त्याच्या नावानं कधी मेमो निघाला नाही आणि कधी सत्कारही झाला नाही. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती काय हे त्याला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. गणू टँकरवाला माल घेऊन हिमाचलात जायचा. त्यानं एका दुपारी मोबाइलवर शिमल्याच्या रस्त्यावर पडणारं बर्फ दाखवलं. सहदेवनं ते अकरा वेळा बघितलं. बॉयलरसमोर उभं राहून. त्या दिवशी डबा तसाच परत आला.

पुढच्याच वर्षी कंपनीनं गॅसवरचा बॉयलर घ्यायचं ठरवलं. कोळशावरची माणसं नकोशी झाली. नोटीस लागली, स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले, शेवटची तारीख एकतीस जानेवारी. नको असेल त्याची बदली दुसऱ्या प्लान्टला, भट्टीवरच.

सहदेव घरी आला तेव्हा शकू सुकट निवडत बसली होती.

"मी फारम भरतो," तो म्हणाला.

"भरा. मग करनार काय?"

"शिमल्याला जाऊन ऱ्हायचं."

शकूनं एक मुंडी खुडून बाजूला टाकली. "किती दिवस?"

"कायमचं."

"तिथं सुकट मिळते?"

"नाय."

"मग तुमी जावा. मी अधनंमधनं फोन करीन."

चौथ्या दिवशी भात वाढता वाढता शकूच बोलली, "अवो, चपला घेताना आपन दुकानात चार पावलं चालून बघतो. शिमला काय न चालताच घेनार?"

"जाऊन येऊ म्हनतेस?"

"जाऊन काय कळतंय? चार दिवस फिरायला सगळीच गावं चांगली. ऱ्हाऊन बघायचं. जवळपास थंडीचा गाव बघा, महिनाभर ऱ्हाऊ. फक्त पैसे शिमल्याच्या भावानं द्यायचे. भाडं शिमल्याचं, लाकडं शिमल्याची, मीठसुद्धा शिमल्याचं. फारम भरल्यावर महिन्याला जेवढं येनार तेवढंच डब्यात टाकायचं. पुरलं तर फारम. नाय पुरलं तर मुकाट्यानं भट्टी."

अख्ख्या रायगड जिल्ह्यात असा विचार दुसऱ्या कुठल्या बाईच्या डोक्यात आला असता तर दाखवा. नव्या गाईला घरी आणण्याआधी चार दिवस दूध काढून बघतात, तसं हे शहर काढून बघायचं. सहदेवनं एक महिन्याची साठलेली रजा टाकली, आणि डिसेंबर सरता सरता दोघं बोचकी घेऊन पोलादपूरवरून कुडपणला आली.

कुडपण वर पठारावर. थंडीच्या दिवसांत तिथे जी थंडी असते तिच्याबद्दल मी बोललो की लोक मला खोटारडा म्हणतात, म्हणून कमी करून सांगतो. त्या वर्षी प्रयागबाई म्हैस पिळायला बसली की धार चरवीत पोचेपर्यंत गोठायची. लिटरचं माप वाया गेलं. बाई दूध हातानं मोजून विकायची. "दीड हात द्या गो," म्हणायचं आणि बगलेत मारून घरी न्यायचं.

हर्षदनी सेजलकडे बघितलं. सेजलनं मोबाइलमधून डोकं न काढता मान हलवली. ती होय म्हणाली की नाही, ते मी विचारलं नाही.

"आनि सकाळी माणूस भिंतीजवळनं उठून गेला तरी सावली तिथंच चिकटलेली. ऊन आलं की सुटायची, मग धापा टाकत मालकामागं."

"नाना, ऱ्हायला कुठं ती दोघं?" राजेशनं मला परत रुळावर आणलं.

तेच सांगतो. कुडपणात एक पत्र्याचं घर होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. त्याच्या मालकाचं नाव मी घेत नाही. घेतलं तर दिवसभर चहा मिळत नाही. म्हातारा, एकटा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा नालासोपाऱ्याला, तो गणपतीला येतो आणि गौरी गेल्या की जातो. आणि कंजूष किती? भाडं मिळतंय म्हटल्यावर त्यानं आतल्या दोन्ही खोल्या त्यांना दिल्या आणि स्वतः पडवीत गोणपाट लावून राहिला.

"शिमल्याला एका खोलीचं भाडं किती?" म्हातारा म्हणाला.

"गणू म्हनतो साताठ हजार."

"मग आठ. सात कशाला?"

"तुमचा पत्रा गळतो."

"शिमल्याला काय गळत नसंल? आनि लाकडं माझ्याकडनं घ्यायची, तिकडच्या भावानं."

लाकडं कसली, कुंपणाच्या वाळलेल्या काटक्या. पण नियम म्हणजे नियम. सहदेवनं मोजून पैसे दिले आणि मोळी स्वतः उचलून आत नेली.

आता भाव कळायचा कसा? गणूनं शिमल्याच्या एका भाजीवाल्याचा नंबर दिला होता, ठाकूरजी म्हणून. कुडपणला फोनला रेंज एकाच कातळावर येते. सहदेव रोज सकाळी तिथे चढायचा आणि ओरडायचा, "ठाकूरजी, आज टमाटर क्या भाव?" पलीकडून भाव यायचा. खाली उतरून तो प्रयागबाईला तेवढेच पैसे द्यायचा. पहिल्या दिवशी बाईला वाटलं हा वेडा आहे. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं हा देव आहे. तिसऱ्या दिवसापासून वाडीतल्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन कातळाखाली उभ्या राहायला लागल्या, शिमला आज काय म्हणतंय ते ऐकायला. वांगी चढली की खाली आनंदीआनंद.

मग एक दिवस मुळा उतरला.

"मुळ्याची जुडी आठ रुपये," सहदेव वरून म्हणाला.

"आठ? पोलादपूरला दहा देतात!" प्रयागबाईनं टोपली खाली ठेवली. "माझा मुळा काय शिमल्याला विचारून उगवला रे?"

"आजी, नियम हाय."

"तुझा नियम घाल चुलीत. टमाटं शिमल्याचं, मुळा पोलादपूरचा. पटलं तर घे."

"तसं कसं?"

"तसंच. तुला थंडी हवी, मला दहा रुपये हवे."

सहदेवनं दहा दिले आणि वरचे दोन स्वतःच्या विडीकाडीतून घातले. विडी तो ओढत नव्हता, त्यामुळे ते कुठून घातले ते देवाला ठाऊक. पंधरा दिवसांनी तर ठाकूरजीच म्हणाला, "भाईसाब, आओगे भी या सिर्फ भाव पूछोगे?"

सहदेवनं कातळावरनं वांग्याचा भाव विचारला आणि खाली उतरला.

एक गोष्ट मात्र घडली. मकर संक्रांतीच्या आदल्या सकाळी सहदेव अंगणात तोंड धूत होता. शकू आत चुलीशी. तो एकदम ओरडला, "शकू! अगो शकू, भायेर ये!"

तिला वाटलं सापबीप. धावत आली. सहदेवनं ओला हात पुढे केला होता आणि कोपरापासून मनगटापर्यंत केस उभे राहिले होते.

"काटा आलाय," तो म्हणाला. "बघ. मला काटा आलाय."

शकूनं त्या हातावरून आपला हात फिरवला. पिठाचा हात होता तिचा. आत गेली आणि तिनं भाकरी उलटली. पण त्या दिवसापासून, मी सांगतो, शिमल्याला जायचं तिचंही पक्कं झालं.

"तुमी कुठं व्हतात तवा?" राजेशनं विचारलं.

"मी व्हतो आसपास."

आता खर्चाकडे बघा. संध्याकाळ झाली की शकू चूल मोठी करायची, कारण शिमल्याला करतात म्हणून. आणि ऊब असली की कुडपणला माणसं जमायला वेळ लागत नाही. प्रयागबाई यायची, तिच्या मागून चार बायका, वाडीतला मंगेश यायचा, त्याची आई यायची. तो म्हातारा घरमालक तर भिंत जळत नाही ना ते बघायच्या निमित्तानं सगळ्यांत आधी यायचा आणि चुलीला चिकटून बसायचा. दोन-दोन कप चहा. आणि बडबड! एक वाक्य खरं बोलेल तर शपथ. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शकू म्हणायची, "मग काय झालं, सांगा की," आणि त्याला आणखी ऊत यायचा. चहा शिमल्याच्या भावाचा, दूध शिमल्याच्या भावाचं, लाकडं त्याचीच, त्यांनाच विकलेली. त्याला लाज वाटली का? मुळीच नाही.

पंचवीस जानेवारीला डबा रिकामा झाला.

हरभऱ्याचा पत्र्याचा डबा होता. महिन्याचे पैसे त्यात टाकले होते आणि त्यातूनच काढायचे होते. शकूनं हात घातला तर तळाला दोन वाळके हरभरे लागले.

"चहाचं धरू नका," ती म्हणाली. "तिथं कोन येनार हाय चहाला?"

"चहा सोडला तरी दोन दिवस निघाले असते," सहदेव म्हणाला. "दोनच. तीस काय होत नाय."

"लाकडं कमी जाळू."

"थंडीला जायचं आनि शेकायचं नाय?"

"मग सोमवारपासून शिवण घेते. तिकडं बायकांना शिवण लागतंच."

"शकू." तो हळू बोलला. "ठरलं तसं ठरलं. तूच म्हनालीस, नाय पुरलं तर भट्टी."

तिनं स्वतः घातलेला नियम होता, तिला तो मोडता येईना. दुपारी ती बोचकी बांधायला लागली. सहदेवनं फॉर्म ट्रंकेतून काढला, घडी उघडली, परत घातली. टाकला नाही, फाडला नाही. उशाखाली ठेवला, जसं काही तो उद्या लागणार आहे. मग उंबऱ्यावर बसला आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. हातावरचे केस पुन्हा उभे राहतात का, तेही एकदा बघून घेतलं त्यानं.

इथे मी थांबलो. फलाटावरच्या घोषणेनं गाडी आणखी वीस मिनिटं लेट असल्याचं सांगितलं, तेवढंच.

"मग?" हर्षद म्हणाले. पाय बाकावर घेऊन ते केव्हा मांडी घालून बसले होते, मला कळलंही नाही. "गेला भट्टीवर?"

"भट्टीवर कसा जाईल? भूत आलं ना."

भूत म्हणजे भर दुपारचं. एकच्या सुमाराला. तो म्हातारा मालक पडवीत पडला होता, त्याला आतल्या खोलीत एक पांढरं, उंच, पत्र्याला डोकं टेकलेलं काहीतरी दिसलं. म्हातारा भेदरून घराबाहेर पडला, वाडीत चक्कर मारून परत आला आणि सहदेवसमोर उभा राहिला.

"घरात भूत हाय," तो म्हणाला.

"महिनाभर आमाला नाय दिसलं."

"भाडेकरूला दिसत नाय. मालकालाच धरतं. माझ्यानं एकट्यानं हितं ऱ्हावत नाय आता. तुमी असं करा, पावसाळा नि थंडी, नऊ महिने हितंच ऱ्हा. भाडं नको, लाकडाचे पैसेही नकोत."

"फुकट कसं?"

"फुकट ऱ्हानाऱ्याला भूत बघून घाबरतं. तसा त्याचा नियम हाय. शिमग्याची होळी पेटली की तुमी शिमल्याला जा. मिरगाच्या आदी खाली या. तीन महिन्यांचं शिमला तुमच्या डब्यात बसतं का, ते शकूला विचार."

शकू बोचकं बांधता बांधता थांबली होती. तिला विचारायला लागलंच नाही. नऊ महिने भाडं नाही, लाकडांचे पैसे नाहीत, मुळा पोलादपूरच्या भावाचा. तिनं बोटांवर काहीतरी केलं आणि एकदम म्हणाली, "बसतं. वर उरतं."

"आनि भूत?" सहदेव म्हणाला.

"ते उन्हाळ्यात मुंबईला जातं," म्हातारा म्हणाला.

सहदेव तीस तारखेला महाडला उतरला आणि त्यानं फॉर्म भरला. सहीचं पेन त्याच्या हातात वितळेल अशी मला भीती होती, पण नाही, हात गार होता. शिमगा झाला तशी दोघं याच फलाटावरून गेली. शकूजवळ कपड्यांपेक्षा सुकट जास्त होती. शिमल्याला तिनं पहिल्यांदा सुकट भाजली तेव्हा तिथली सगळी मांजरं तीन डोंगर ओलांडून आली म्हणे. मार्चमध्ये एकदा अवेळी बर्फ पडलं. सहदेव त्यात जाऊन उभा राहिला तर त्याच्या अंगातून जी वाफ निघाली, ती खालच्या रस्त्यावरून लोकांनी धुकं समजून बघितली. सव्वीस वर्षांची वाफ होती ती. ती एका दमात निघून गेली आणि माणूस रिकामा, हलका झाला. आता सकाळी ठाकूरजीच्या दुकानात बसतो, दुकानाच्या दाराच्या फळ्या काढून देतो, भाव पाटीवर लिहितो. शकू शेजारणीकडून लोकर विणायला शिकली. आज ती दोघं या गाडीनं खाली येतायत. मिरगाच्या आधी, ठरल्याप्रमाणे.

"म्हणजे तुमचे पाहुणे हेच," हर्षद म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. "पण नाना, पापड सोडले, दूध सोडलं, तरी ते भूत मला पटत नाही. अशा कंजूष माणसानं भाडं सोडलं कशाला?"

"जिवाची भीती कुनाला चुकलीय?" मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांनी बघितला त्याला भेदरलेला. भुताची शपथ."

सेजलनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"खोटं," ती म्हणाली, पलीकडच्या फलाटावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"काय खोटं? दूध गोठलं नव्हतं?"

"दूध ऱ्हाऊ दे. भूत खोटं. घर तुमचं हाय, नाना, आनि त्या दुपारी मी सुट्टीला घरीच व्हते. तुमी पडवीतनं उठून आमच्याकडं आलात. आजी पावटे सोलत व्हती. तुमी उंबऱ्यावर बसलात नि आजीला म्हनालात, 'प्रयागे, ही दोघं गेली तर सांजचं मी कुनाशी बोलू गो?'"